शिंजुकूला बँकर लागत नाही

व्याह्यांबरोबर परदेशप्रवास करू नये, असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. शास्त्र लिहिणाऱ्यांच्या काळी समुद्र ओलांडणंच निषिद्ध होतं, त्यामुळे ही वेळ कुणावर येईल असं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. त्यातून आपण कर्जतचे आणि व्याही खोपोलीचे असतील, तर समुद्रबंदी पुन्हा लागू करावी अशा मताचा मी आहे.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. कर्जत आणि खोपोली यांच्यात अंतर पंधरा किलोमीटरचं. मुंबईहून आलेला रेल्वेमार्ग कर्जत सोडल्यावर पळसदरीला फुटतो. एक फाटा घाट चढून पुण्याला जातो, दुसरा खोपोलीला जाऊन थांबतो. भांडणही तिथेच फुटतं. आम्हा कर्जतकरांच्या मते खोपोली हा मुळात एक फाटा आहे. खोपोलीकरांच्या मते १८५६ साली आगगाडी खोपोलीला आली तेव्हा घाटात रूळ नव्हते. पुण्याला जाणारे साहेबलोक खोपोलीला उतरायचे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्याला चढायचे आणि वरची गाडी धरायचे. १८६३ साली घाटातून रूळ गेले, गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं कर्जतला लागायला लागली आणि खोपोलीचा भाव गेला. या गोष्टीला दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण आमचे व्याही अण्णा अजून सुतकात आहेत.

लेक खोपोलीत दिली तेव्हा हिला मोठा आनंद झाला होता. सकाळी निघालं की लेकीकडे जेवून संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी परत! लग्नाला वर्ष होतंय तोवर जावईबापूंना टोकियोची नोकरी लागली. मग लेकीने दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच बोलावलं. "वेगवेगळं बोलावलं तर तीच ठिकाणं दोनदा दाखवावी लागतील," असं ती म्हणाली. पोर हिशेबी आहे. कर्जतची आहे.

मुलांचं घर एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईत. तिथे आपली माणसं बरीच. २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचे मराठी गृहस्थ तिथल्या प्रभागाच्या सभेवर निवडूनसुद्धा आले. जावईबापूंनी हे अभिमानाने सांगितल्यावर अण्णांनी आधी एवढीच चौकशी केली, की पुराणिकांचं मूळ गाव कर्जत तालुक्यात तर नाही ना. नाही असं कळल्यावर त्यांनी मोकळ्या मनाने अभिनंदन केलं.

पहिल्या सकाळी लेकीने आमच्या हातात एकेक कार्ड ठेवलं. स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना ते फाटकावर टेकवायचं, पैसे आपोआप कापले जातात. अण्णांनी समजल्याची मान डोलावली. पण माणसाचा जन्म लोकलमध्ये गेला की त्याच्या हाताला स्वतंत्र बुद्धी फुटते. फाटकाशी गेल्यावर अण्णांचा हात शर्टाच्या खिशावर गेला, तोंडातून "पास!" असा हुकमी शब्द निघाला आणि ते चालू लागले. या एका शब्दावर मुंबईत माणूस नोकरी काढतो. इथे फाटकाने दोन्ही झडपा मिटून अण्णांचं पोट अडवलं.

"अहो, पास आहे!" अण्णा फाटकाला म्हणाले.

"खोपोलीला अशी फाटकं नसतील," मी सहानुभूतीने म्हणालो.

"कर्जतला आहेत?"

नव्हती. गुण त्यांना गेला.

आमच्याकडची तोझाई लाइन टोकियोतही गर्दीसाठी ओळखली जाते. ऑफिसच्या वेळेला पांढरे हातमोजे घातलेले रेल्वेचे लोक प्रवाशांना अदबीने आत ढकलतात, असं जावईबापूंनी सांगितलं. आम्हा दोघांनाही त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे हे काम मागचा माणूस विनावेतन करतो. नवल वाटलं ते फलाटावर आखलेल्या रेघांचं. दार नेमकं जिथे येणार तिथे रेघ, त्या रेघेवर रांग, आतली माणसं उतरेपर्यंत बाहेरची स्तब्ध. अशा शिस्तीत कर्जतच्या माणसाला चढताच येत नाही. समोरून कुणी रेटा दिल्याशिवाय पाय उचलतच नाही.

दार उघडलं. रांग हलायच्या आत अण्णांनी मागून नेम धरून रुमाल फेकला आणि तो बरोबर रिकाम्या सीटवर पडला. मुंबईत एवढ्यावर ती जागा त्यांच्या नावाने सातबाऱ्याला चढली असती. इथे शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रुमाल उचलला, त्याची चौघडी घातली, उभे राहिले आणि दोन्ही हातांनी, कमरेत वाकून तो अण्णांना परत केला. अण्णा वाकले. गृहस्थ पुन्हा वाकले. घेतलेलं परत फेडायचं, या खोपोलीच्या वळणाप्रमाणे अण्णा आणखी खाली वाकले. हे तीन स्टेशनं चाललं. तेवढ्यात त्या सीटवर तिसराच कुणी बसला आणि झोपलासुद्धा.

डबा गच्च भरलेला, पण आवाज कुणाचा नाही. भजन नाही, पत्ते नाहीत, चौथ्या सीटवरून कुरबुर नाही, मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी नाहीत. अण्णांनी बराच वेळ सहन केलं आणि मग पळसदरीच्या वाऱ्यावर बोलायची सवय झालेल्या आवाजात विचारलं, "काय हो, कुणी गेलंय का?"

सगळा डबा आपापल्या मोबाइलमध्ये आणखी खोल शिरला. लेक कुजबुजली, "अण्णा, इथे गाडीत बोलत नाहीत."

"मग प्रवास कशाला करतात?"

पुढचं सगळं भांडण आम्ही कुजबुजत केलं. कुजबुजीत "तुमचं कर्जत म्हणजे काय हो" हे वाक्य म्हणून पाहा. त्यातला सगळा जोर जातो आणि ते प्रेमाचं बोलणं वाटायला लागतं. समोर बसलेल्या एका बाईंनी आमच्याकडे बघून कौतुकाने मानही डोलावली.

अण्णांनी त्याच दिवशी एक केळं खाल्लं. केळ्याला हरकत नव्हती, प्रश्न सालीचा होता. गाडीच्या खिडकीतून काही टाकता येत नाही आणि रस्त्यावर कचराकुंडी नाही. १९९५ साली टोकियोच्या भुयारी गाड्यांत विषारी वायू सोडून घातपात झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतल्या बऱ्याच कुंड्या काढून टाकल्या गेल्या. लोक आपला कचरा पिशवीतून घरी नेतात. अण्णा साल हातात धरून टोकियो हिंडले. आसाकुसाच्या देवळाबाहेर तो प्रचंड लाल कंदील टांगलाय, त्याच्याखाली काढलेल्या फोटोत कंदील आहे, आम्ही चौघं आहोत आणि साल आहे. नदीकाठच्या फोटोत साल थोडं काळं पडलेलं दिसतं.

"खोपोलीत असतात तर कुठे टाकलं असतंत?" विहीणबाईंनी विचारलं.

"खोपोलीत टाकावं लागत नाही," अण्णा म्हणाले. "आपोआप पडतं."

स्वच्छतागृहातल्या बटणांविषयी कुणालाही काही सांगायचं नाही, असं मात्र आमच्यात पहिल्याच दिवशी ठरलं. एवढ्या एका विषयावर कर्जत-खोपोलीचं एकमत आहे.

शिंजुकू स्टेशनाचं काय सांगू? रोज लाखो माणसं त्यातून जातात. जगातलं सगळ्यांत गजबजलेलं स्टेशन म्हणून गिनेसच्या बुकात त्याची नोंद आहे, आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त वाटा आहेत. लेक म्हणाली, "पूर्वेच्या दाराशी उभे राहा, आम्ही येतोच." पूर्व कुठली हे सूर्यावरून कळतं, आणि आम्ही जमिनीखाली होतो. वाट विचारावी तर दुसरा म्हणणार, कर्जतच्या माणसाला स्टेशनातली वाट सापडत नाही. अण्णांची अडचण तीच, फक्त गाव वेगळं. म्हणून दोघंही आत्मविश्वासाने चालत राहिलो.

पाट्या वाचत, जिने चढत-उतरत आम्ही एका मोठ्या दुकानाच्या तळघरात निघालो. तिथे एक मुलगी खारवलेल्या भाजीचे तुकडे काडीला टोचून चवीला देत होती. आम्ही एकेक खाल्ला आणि पुढे निघालो. बरंच चालल्यावर पुन्हा तीच मुलगी आली. पुन्हा एकेक तुकडा, पुन्हा नमस्कार. तिसऱ्यांदा आम्ही दिसलो तेव्हा तिने बशीच पुढे केली.

"या स्टेशनात बँकर कुठे लावतात?" घाम पुसत अण्णांनी विचारलं.

"बँकर लागत नाही इथे. चढच नाही."

"मग एवढ्या गाड्या थांबतात कशाला?"

हा टोला मला होता. खोपोलीकरांचा जुना सिद्धान्त असा, की कर्जतला मोठ्या गाड्या थांबतात त्या घाटासाठी मागे इंजिन जोडायचं असतं म्हणून, कर्जतला कुणाला काही काम असतं म्हणून नव्हे. यावर आमचं उत्तर दिवाडकरांचा वडा हे आहे. इंजिन जोडेपर्यंत सगळी गाडी फलाटावर उतरते ती कशासाठी? अण्णांनी हे उत्तर शिंजुकूच्या तळघरात ऐकून घेतलं, कारण पळून जायला वाट त्यांनाही माहीत नव्हती. टोकियो स्टेशनात देशभरच्या गाड्यांवरचे जेवणाचे डबे एकाच दुकानात मिळतात. डब्यांवर चित्रं सुरेख, मांडणी देखणी, पण बहुतेक सगळं गार. कर्जतच्या कढईसमोर हे टिकणार नाही, असं मी तिथे जाहीर केलं. अण्णांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

भाताच्या बाबतीत तर मी त्यांना बोलूच दिलं नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण मिळतो. त्याचं वेष्टन एक, दोन, तीन अशा आकड्यांच्या क्रमाने सोडवायचं असतं. अण्णांनी तीनपासून सुरुवात केली आणि भात हातात, शेवाळ शर्टावर अशी विभागणी झाली. "चिकट आहे हो," ते म्हणाले. मी म्हणालो, "आमच्या कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. कर्जत-३ नावाचं वाण आहे. खोपोली-३ कुणी ऐकलंय का?" अण्णा शर्टावरचं शेवाळ खात राहिले.

एक दिवस दोघी विहिणी आणि लेक उएनोच्या बाजारात जाणार होत्या. बाजारात आमची लुडबूड नको, म्हणून आम्हाला यामानोते लाइनवर बसवून दिलं. "ही गाडी शहराला गोल चक्कर मारते. साडेचौतीस किलोमीटर, तीस स्टेशनं, साधारण तासाभरात परत उएनोला येते. बसल्या जागी सगळं टोकियो बघून होईल." कल्पना उत्तम होती. पण कर्जतच्या लोकलने नोकरी केलेल्या माणसाला खिडकीजवळ बसवून, थंड हवा सोडून, वर डबा हलवून तुम्ही सगळं टोकियो बघ म्हणत असाल, तर तुम्ही त्याला ओळखलेलं नाही.

आमच्या झोपेचं एक शास्त्र आहे. संध्याकाळी बसायला मिळालं की ठाण्याच्या खाडीवर डोळे मिटायचे. स्टेशनं मोजायची गरज नाही, कारण गाडी कर्जतच्या पुढे जात नाही. डोक्यावरचे पंखे बंद झाले की घर आलं. कुणीतरी खांद्याला हात लावतं, "चला काका." खोपोलीकरांचंही तेच, त्यांची झोप फक्त थोडी जास्त पिकते. शेवटचं स्टेशन ही आमच्या आयुष्यातली मोठी सोय आहे.

मला जाग आली तेव्हा पाटीवर इकेबुकुरो होतं. पुन्हा डोळा लागला. पुन्हा जाग आली, पाटीवर इकेबुकुरो.

"अण्णा, गाडी जागची हललीच नाही."

"सिग्नल नसेल," डोळे न उघडता अण्णा म्हणाले.

तिसऱ्या इकेबुकुरोला अण्णा ताठ बसले. खिडकीबाहेर बघून त्यांनी विचारलं, "भाऊ, ही गाडी शेवटी जाते कुठे?"

"कुठेच नाही."

"म्हणजे हिला खोपोली नाही?"

"कर्जतही नाही."

दोघांनाही त्या गाडीची कणव आली. उएनोला उतरलो तेव्हा बाजार करून, खाऊन, पिशव्या सांभाळत तिघी बाकावर बसल्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते सांगत नाही. टोकियोच्या फलाटावर एवढ्या मोठ्या आवाजातलं बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नसावं.

त्याचे पडसाद शिबुयाला उमटले. तिथे स्टेशनाबाहेर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचे मालक प्राध्यापक होते. ते अचानक वारले, तरी हा कुत्रा जवळजवळ दहा वर्षं, १९३५ साली मरेपर्यंत, स्टेशनावर येऊन त्यांची वाट बघायचा. १९३४ साली त्याचा पुतळा उभारला तेव्हा अनावरणाला तो स्वतः हजर होता. हयातीत आपला पुतळा बघणं आपल्याकडेही काहींना साधतं, पण त्यासाठी आधी निवडून यावं लागतं.

लेकीने गोष्ट सांगितल्यावर मी भारावून उभा होतो. ही म्हणाली, "कुत्र्याने दहा वर्षं वाट पाहिली. मी तुमच्या नोकरीभर पाहिली. त्यातून कुत्र्याला आमटी दोनदा गरम करावी लागत नव्हती. माझा पुतळा कुठे बसवताय?"

"कर्जतला पूर्वेला की पश्चिमेला?" विहीणबाईंनी विचारलं. दोघी बराच वेळ जागेची चर्चा करत होत्या. हाचिकोबरोबर फोटो काढायला केवढी रांग होती, आणि आमच्या दोघांच्या बाजूने उभं राहायला माणूस नव्हता.

तिथला चौक बघण्याजोगा आहे हे मान्य करायला हवं. सिग्नल पडला की चारी बाजूंनी माणसं एकदम रस्त्यात उतरतात, हजारोंच्या संख्येने, आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. भोवती इमारतींच्या भिंतीच्या भिंती दिव्यांनी पेटलेल्या. कुणीही दिपून गेलं असतं. अण्णा म्हणाले, "विजेचं कौतुक आम्हाला सांगू नये. टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीजघर काढलं. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालायच्या."

"आमच्या तालुक्यात भिवपुरीला आहे की," मी म्हणालो.

"ते नंतरचं."

"म्हणून काय त्याचा शॉक कमी बसतो?"

हे बोलणं आम्ही चौकाच्या ऐन मध्यावर उभं राहून केलं. हिरवा दिवा गेला. हजारो माणसं दोन्ही फुटपाथांवर पोचली होती, आणि रस्त्याच्या मधोमध खोपोली आणि कर्जत तेवढी उरली होती. टोकियोतल्या एकाही गाडीने हॉर्न वाजवला नाही. सगळ्या थांबून राहिल्या. त्या शांततेत रस्ता ओलांडायला जी शरम वाटली, ती खालापूरच्या टोलनाक्यावर शंभर हॉर्न खाऊनही वाटली नसती.

स्काय ट्री नावाच्या मनोऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. उंची ६३४ मीटर. तिकीट काढून साडेचारशे मीटरवर नेतात आणि तिथून स्वच्छ हवेत फुजी पर्वत दिसतो. आम्ही गेलो ते जून महिन्यात, तिथल्याही पावसाळ्यात. वर गेल्यावर चारी दिशांना पांढरं होतं. अण्णा काचेला नाक लावून उभे होते. मी म्हणालो, "माथेरान आठशे मीटर आहे. पॅनोरमा पॉइंटवरून पावसाळ्यात हेच दिसतं." माथेरान कर्जत तालुक्यात येतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. गुण मला.

तो गुण त्यांनी दुसऱ्याच दिवशी व्याजासकट वसूल केला, आणि तोही देवाच्या मदतीने.

आसाकुसाच्या बाजूला, सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा नावाचं टेकाड आहे. त्याच्यावर जे देऊळ आहे त्यातला देव म्हणजे आपला गणपती. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथलाच होऊन राहिला. हे ऐकल्याबरोबर अण्णांनी चालण्याचा वेग वाढवला, कारण गणपती हा त्यांचा हुकमाचा एक्का. अष्टविनायकांतला महडचा वरदविनायक खोपोलीच्याच खालापूर तालुक्यातला. बिवलकरांनी १७२५ साली देऊळ बांधलं, नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय. "आठांपैकी कर्जत तालुक्यात किती?" हा प्रश्न ते मला साखरपुड्यापासून विचारत आलेत. उत्तर बदललेलं नाही.

पायऱ्या चढून गेलो तर तिथे लोक देवाला मुळे वाहत होते. मुळा, आपला पांढरा, हातभर लांब. जिथे बघावं तिथे मुळ्याचं कोरीवकाम, शेजारी पैशाचा बटवा. मुळा आरोग्याचा आणि नवराबायकोच्या सलोख्याचा, बटवा भरभराटीचा, असं लेकीने वाचून दाखवलं. देवळातच मुळे विकायला ठेवले होते.

"मोदक नाही?" अण्णांचा आवाज बसला.

"मुळाच चालतो इथे."

"दूर्वा? जास्वंद?"

"मुळा."

हिने आणि विहीणबाईंनी तोवर मुळे हातात घेऊन दाबून बघायला सुरुवात केली होती. कोवळे आहेत यावर एकमत झालं. पाला काढून टाकलाय यावर हळहळ झाली, नाहीतर भाजी झाली असती. दोनावर एक मिळेल का, हे विचारून बघ असं लेकीला सांगून झालं. तिने विचारलं नाही. हल्लीच्या मुली सासर-माहेर दोन्हीकडच्यांना देवळात ओळख दाखवत नाहीत.

अण्णा मुळा घेऊन पुढे गेले. आत अंधार, पडदा, दिवे. मूर्ती कुठे दिसेना.

"दर्शन कुठे घ्यायचं?"

"मूर्ती झाकलेलीच असते, अण्णा. कुणालाच दाखवत नाहीत."

महडला भाविक थेट गाभाऱ्यात जाऊन देवाला हात लावून येतो. त्या वळणाचा माणूस पडद्यासमोर मुळा धरून उभा राहिला. "मग मी आलोय हे त्याला कसं कळणार?"

"त्याला आपण दिसतो. आपल्याला तो दिसत नाही."

अण्णांनी विचार केला, मुळा ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "खोपोलीहून आलोय." मग माझ्याकडे वळून हळूच, "तुमचंही सांगितलंय हं. आमच्याबरोबर आलेत म्हणून."

वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून परत मिळतात. दोघींनी ते पिशवीत भरले आणि त्या आठवड्यात आम्ही मुळ्याची कोशिंबीर, मुळ्याची भाजी, मुळ्याचे पराठे आणि मुळ्याची थालीपीठं खाल्ली. सलोखा वाढल्याचं जाणवलं नाही.

एवढं सगळं बघूनही आम्हा दोघांना काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय ते कळत नव्हतं. एका दुपारी कळलं. फलाटावर उभे होतो आणि ठरलेल्या मिनिटाला गाडी आली नाही. आणखी एक मिनिट गेलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ध्वनिवर्धकावरून कुणीतरी काकुळतीने काहीतरी सांगत होतं. "उशीर होतोय म्हणून माफी मागतायत," जावईबापू म्हणाले. मग त्यांनी २०१७ सालची हकिगत सांगितली. टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली, तर कंपनीने जाहीर माफीपत्रक काढलं. तक्रार एकाही प्रवाशाने केली नव्हती.

आमचं लक्ष हकिगतीकडे नव्हतं. अण्णांचा चेहरा खुलला होता, पाय फलाटावर रुतले होते, हात पाठीमागे गेले होते. "ही आता काय येत नाही," ते म्हणाले. "मागची रद्द केली असणार," मी म्हणालो. "माणसांची काही पर्वाच नाही हो यांना." "तिकिटाचे पैसे मात्र चोख घेतात!" कितीतरी दिवसांनी आमच्या तोंडाला चव आली. माझ्या आयुष्यातली अर्धी मैत्री अशाच मिनिटांत जमलेली आहे. दुर्दैवाने गाडी आली.

उतरल्यावर फाटकाशी रेल्वेचा माणूस लोकांना कागदाचे चिटोरे वाटत होता. गाडी इतकी मिनिटं उशिरा आली असा रेल्वेचा दाखला! साहेबाला दाखवायचा, म्हणजे उशिराचा ठपका बसत नाही. आम्ही दोघं जागीच थबकलो. असा कागद रोज मिळाला असता तर आमची पदोन्नती कुठल्या कुठे गेली असती. अण्णांनी एक घेतला. खोपोलीच्या मित्रमंडळींसाठी आणखी सहा घेतले. मग जावयाला म्हणाले, "त्याला विचार, मागच्या तारखेचे मिळतील का? मला पूर्ण नोकरीचे हवेत."

जावईबापूंनी त्या माणसाला काय सांगितलं कोण जाणे. तो माणूस कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

निशी-कासाईच्या बागेत संध्याकाळी आपल्याकडचे आईवडील जमतात. बाकावर बसून सुना, जावई, व्हिसा आणि गुडघे यांवर बोलणं चालतं. तिथे एक पुण्याचे गृहस्थ भेटले. त्यांना टोकियो फारसं पसंत नव्हतं, पण त्यात टोकियोने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

"आपण कुठले?"

"कर्जत," मी म्हणालो.

"खोपोली," अण्णा म्हणाले.

"एकच की ते," गृहस्थ म्हणाले. "लोणावळ्याच्या खाली. आम्ही एकीकडे वडा खातो आणि दुसरीकडे टोल भरतो. बाकी तिथे काही आहे का?"

बाकावर शांतता पसरली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या कपाळाची शीर उडत होती.

"अहो, आमच्या कर्जतला बँकर लागलं नाही ना, तर तुमची गाडी पुण्याला चढायची नाही," अण्णा कडाडले. आमच्या! मी कानांवर विश्वास ठेवला आणि लगेच पुढे झालो. "आणि आमच्या वरदविनायकासारखा गणपती पुणे शहरात एक तरी दाखवा. अष्टविनायकांतला म्हणतोय मी."

"खोपोलीला १८५६ साली गाडी होती. पुण्याला नव्हती. पालखीत बसून यायचं तुमच्याकडे."

"आणि वीज!"

"आणि भात. कर्जत-३!" हेसुद्धा अण्णाच म्हणाले.

गृहस्थ "चालू द्या" म्हणून उठून गेले. ते गेल्यावर आम्ही थंड डोक्याने विचार केला. मुंबईहून पुण्याला जायच्या मोठ्या वाटा दोन, एक रेल्वेची आणि एक एक्स्प्रेसवेची. एक कर्जतच्या उंबऱ्यातून जाते, दुसरी खालापूरच्या. दोन्ही बंद केल्या तर पुण्याचं काय होईल? अण्णांनी बागेतल्या वाळूत काडीने घाट काढला. मी पळसदरी काढली. दूध किती दिवस पुरेल, आंबा कसा पोचेल, नाशिकमार्गे किती वळसा पडेल, सगळा हिशेब झाला. आठवडाभरात शहर शरण येईल असा अंदाज निघाला.

"ठरलं तर," अण्णा म्हणाले. "आधी तुम्ही बँकर बंद करा. मग आम्ही टोलनाक्याचा दांडा पाडतो."

"आधी आम्ही का? आधी तुम्ही दांडा पाडा."

"रेल्वे आधी आली, मग रस्ता झाला. क्रमाने कर्जतचा नंबर पहिला."

"रेल्वे आधी खोपोलीला आली असं तुम्हीच म्हणता ना?"

अण्णांनी काडी खाली ठेवली. "ते वेगळं, भाऊ."

"वेगळं कसं?"

लेक बागेच्या फाटकातून हाका मारत होती, जेवण तयार आहे, थालीपीठं गार होतायत. कसली थालीपीठं ते आम्ही विचारलं नाही. जेवताना हा विषय काढायचा नाही असं ठरवून उठलो, आणि जिन्यात पहिल्या पायरीवर अण्णा म्हणाले, "दांडा पाडायला दोन मिनिटं लागतात हो. तुम्ही आधी इंजिन तर सोडवा."